जोशींचा वाढदिवस, भारनियमन आणि सेफ मोड : आजारी संगणक तपासण्याचा इतिहास

(थ्रेड. लांब आहे, सवडीने वाचावा.)

शुक्रवार, १९ जुलै २०२४. भारतीय वेळेनुसार सकाळी ९ वाजून ३९ मिनिटांनी क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीने आपल्या ग्राहकांच्या संगणकांवर एक लहानशी फाइल धाडली. १० वाजून ५७ मिनिटांनी ती मागे घेतली. मधल्या ७८ मिनिटांत जगभरातील सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळा पडदा दाखवून बंद पडले. ते आपोआप पुन्हा सुरू होत आणि सुरू होताच पुन्हा कोसळत. मुंबई-पुण्यासह देशातील अनेक विमानतळांवर प्रवाशांच्या रांगा लागल्या आणि काही ठिकाणी बोर्डिंग पास चक्क हाताने लिहून दिले गेले.

या संकटावर सर्वत्र सांगितला गेलेला उपाय मात्र १९९५ सालचा होता : यंत्र ‘सेफ मोड’मध्ये सुरू करा, विशिष्ट फोल्डरमधील सदोष फाइल पुसून टाका, पुन्हा नेहमीसारखे सुरू करा.

गडकोट आणि सनदांवर एरवी लिहिणाऱ्याने या विषयाकडे का वळावे? कारण सेफ मोडच्या इतिहासात एक प्रश्न सतत विचारला गेला आहे. यंत्राला अत्यावश्यक काय आणि वरकड काय, हे कोणी ठरवायचे? या प्रश्नाच्या उत्तरात आपली मराठी भाषा बराच काळ ‘वरकड’ ठरली होती.

प्रथम मूळ अडचण पाहू. बंद यंत्राच्या स्मृतीत काहीच नसते. काम करायचे तर प्रोग्राम हवा आणि प्रोग्राम स्मृतीत आणायचा तर तो आणणारा दुसरा प्रोग्राम हवा. आपल्याच बुटाच्या फिती ओढून स्वतःला वर उचलण्याच्या अशक्य करामतीवरून इंग्रजीत या क्रियेला ‘बूट’ हे नाव पडले. केंब्रिजच्या एडसॅक यंत्रासाठी डेव्हिड व्हीलर यांनी १९४९ मध्ये हा तिढा सोडवला. मोजक्या प्रारंभिक आज्ञा यंत्राच्या रचनेतच बसवून टाकल्या. कळ दाबली की त्या आज्ञा स्मृतीत उतरत आणि पुढील प्रोग्राम कागदी फितीवरून वाचून घेत.

त्या काळी ‘निदानासाठी सुरू करणे’ ही संकटकाळची बाब नव्हती, तो नित्यक्रम होता. निर्वात नळ्यांची यंत्रे कधी दगा देतील याचा नेम नसे. अमेरिकेतील एमआयटीच्या व्हर्लविंड यंत्रावर त्यासाठी एक विलक्षण युक्ती वापरली गेली. तपासणीच्या वेळी विद्युतदाब मुद्दाम वर-खाली करायचा, म्हणजे जी नळी उद्या किंवा परवा निकामी व्हायची ती आजच, आपल्या देखत निकामी होते. ती बदलायची आणि मग खरे काम सुरू करायचे. यंत्राला जाणूनबुजून हलके आजारी पाडून रोग ओळखण्याचा हा प्रकार मला फार आवडतो.

आपल्याकडे हा काळ मुंबईत अवतरला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालील गटाने आधी एक प्रायोगिक यंत्र उभारले आणि १९६० मध्ये पूर्ण आकाराचा संगणक कार्यान्वित केला. त्यात सुमारे २,७०० निर्वात नळ्या, १,७०० जर्मेनियम डायोड आणि १२,५०० रोधक होते. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे ‘टिफ्रॅक’ असे नामकरण केले. या यंत्राचे निर्माते, वापरकर्ते आणि दुरुस्ती करणारे एकाच इमारतीत वावरत होते. बिघाड झाला तर ज्याने मंडल जोडले तोच समोर उभा राही. पुढील तीन दशकांत हे चित्र पूर्णपणे बदलले. संगणक मेजावर आला आणि तो बनवणारा सात समुद्रांपलीकडे गेला. आता यंत्राने स्वतःच आपली व्यथा सांगणे भाग होते.

१९८१ च्या आयबीएम पीसीमध्ये याची सोय केलेली दिसते. कळ दाबताच यंत्र स्वतःची तपासणी करी. सर्व ठीक असेल तर एकदाच ‘बीप’ वाजे. बिघाड असेल तर बीपची संख्या आणि लांबी बदलत असे. पडदाच बंद असेल तर लिहून सांगणार कसे, म्हणून ही ध्वनीची भाषा. जुने दुरुस्तीकार आजही कान लावून रॅमचे दुखणे ओळखतात. परंतु ही तपासणी यंत्राच्या अवयवांपुरतीच मर्यादित होती. अवयव धडधाकट आहेत आणि दोष त्यांवर चढवलेल्या प्रोग्राममध्ये आहे, अशा वेळी ती मूक राही.

येथे आपल्या कथेत जोशी येतात.

जून १९९० मध्ये भारतात एक विषाणू प्रथम वेगळा काढण्यात आला. दरवर्षी ५ जानेवारीला तो संगणक गोठवून टाकी आणि पडद्यावर आज्ञा देई : ‘हॅपी बर्थडे जोशी’ असे टंकलिखित करा. तेवढे शब्द उमटवले की यंत्र पुन्हा सुरळीत चाले. खंडणी नाही, विध्वंस नाही, केवळ वाढदिवसाच्या शुभेच्छा वसूल करणे! हे जोशी कोण, पुण्याचे की अन्य कुठले, हे कधीच उजेडात आले नाही. आडनाव मात्र जगभरच्या विषाणूसूचींत नोंदले गेले.

विनोद बाजूला ठेवून या विषाणूची रचना पाहण्यासारखी आहे. तो चकतीच्या अगदी आरंभीच्या भागात, म्हणजे डॉस सुरू होण्यापूर्वी वाचल्या जाणाऱ्या जागी, ठाण मांडून बसे. त्यामुळे डॉस जागी होण्याआधीच स्मृतीचा ताबा जोशींकडे गेलेला असे. मग कोणी तपासणीचा प्रोग्राम चालवून ‘आरंभीचा भाग दाखव’ असे विचारले, की विषाणू ती विचारणा मध्येच अडवून जपून ठेवलेली मूळ, निर्दोष प्रत पुढे करी. कंट्रोल-आल्ट-डिलीट या तीन कळा दाबून यंत्र पुन्हा सुरू केले तरी तो स्मृतीत तग धरून राही. साक्षीदार आरोपीच्याच घरी नजरकैदेत असावा आणि चौकशीही तेथेच व्हावी, तसा हा प्रकार होता.

यावर उपाय एकच होता. वीज पूर्ण बंद करायची, विषाणूमुक्त असल्याची खात्री असलेली फ्लॉपी घालायची आणि यंत्र त्या फ्लॉपीवरून सुरू करायचे. ही फ्लॉपी ‘लेखनबंद’ असावी लागे. सव्वापाच इंची फ्लॉपीच्या कडेला असलेल्या खाचेवर चिकटपट्टी लावत आणि साडेतीन इंची फ्लॉपीवरची छोटी खिट्टी सरकवत, म्हणजे विषाणू उलट तिच्यावर उडी मारू शकत नसे. सेफ मोड हे नाव रूढ होण्यापूर्वीचा हाच आपला सेफ मोड : बाहेरून आणलेली, शुद्ध, लहानशी सुरुवात. १९९२ साली मार्चमध्ये ‘मायकेलअँजेलो’ या अशाच विषाणूने जगभर भीती पसरवली, तेव्हा ही स्वच्छ फ्लॉपी अनेकांच्या कपाटात औषधाच्या कुपीसारखी जपून ठेवलेली होती.

या उपचारातून महाराष्ट्रात एक उद्योग उभा राहिला. सातारा जिल्ह्यातून पुण्यात आलेले कैलास काटकर आधी गणकयंत्रे दुरुस्त करत, नंतर संगणक दुरुस्त करू लागले. दुकानात येणारी अनेक यंत्रे विषाणूंनी ग्रासलेली असत. धाकटे बंधू संजय संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनी विषाणू काढण्याची साधने लिहिली आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यास त्यांतून ‘क्विक हील’ आकारास आले. २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात उतरली. आपल्या सॉफ्टवेअर उद्योगाचा इतिहास नेहमी परदेशी कंत्राटांपासून सांगितला जातो. दुरुस्तीच्या टेबलावरून निघालेली ही दुसरी वाट त्यात क्वचितच येते, हे मला खटकते.

आता मूळ प्रवाहाकडे वळू. विषाणू नसतानाही यंत्र अडखळत असे, कारण वापरकर्ता स्वतःच त्यावर ओझी चढवत होता. डॉसमध्ये ‘कॉन्फिग’ आणि ‘ऑटोएक्झेक’ या दोन फाइलींत सुरुवातीला काय काय चढवायचे त्याची यादी असे. तीत एक ओळ चुकली की यंत्र तेथेच अडकून पडे आणि पुन्हा फ्लॉपी शोधावी लागे. मार्च १९९३ च्या एमएस-डॉस ६.० ने येथे मोठी सुधारणा केली. सुरू होताना एफ-५ दाबले तर दोन्ही फाइली वगळल्या जात. एफ-८ दाबले तर ‘कॉन्फिग’मधील प्रत्येक ओळीपाशी ‘ही चालवू का?’ असे विचारले जाई. मॅकिंटॉशवर १९९१ च्या सिस्टीम ७ पासून शिफ्टची कळ दाबून धरली की ‘एक्स्टेन्शन्स ऑफ’ असा संदेश येऊन जादा जोडण्या बाजूला राहत.

२४ ऑगस्ट १९९५ रोजी विंडोज ९५ बाजारात आले आणि या कल्पनेला तिचे सर्वपरिचित नाव सर्वसामान्यांपर्यंत मिळाले. ‘स्टार्टिंग विंडोज ९५’ ही ओळ दिसताच जेमतेम दोन सेकंदांत एफ-८ दाबायचे, मग क्रमांकांची यादी येई. पहिला क्रमांक नेहमीच्या सुरुवातीचा, दुसरा नोंद ठेवत सुरू होण्याचा, तिसरा सेफ मोडचा. (आमच्या डाळजला गावेच क्रमांकाने ओळखली जातात : डाळज नंबर १, २ आणि ३. त्यामुळे या यादीविषयी मला उगीचच जिव्हाळा आहे.)

सेफ मोडमध्ये काय राही? कळफलक, माउस आणि ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचे, सोळा रंगांचे साधे चित्र. काय जाई? ध्वनी, मुद्रक, सीडी, नेटवर्क आणि आपोआप सुरू होणारे सगळे प्रोग्राम. चारही कोपऱ्यांत ‘सेफ मोड’ ही अक्षरे येत, म्हणजे हा तात्पुरता मुक्काम आहे याचा विसर पडू नये.

यामागील तर्क वैद्याच्या लंघनासारखा आहे. पोट बिघडले तर आधी सगळे बंद, नुसती पेज. बरे वाटले तर दोष आहारात. मग एकेक पदार्थ वाढवत जायचे आणि कोणत्या घासाला दुखणे उलटते ते पाहायचे. सेफ मोडमध्ये यंत्र नीट चालले तर दोष वर चढवलेल्या गोष्टींत असण्याचा संभव अधिक. तेथेही कोसळले तर शंका यंत्राच्या अवयवांवर किंवा प्रणालीच्या गाभ्यावर. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करताना शेकडो हस्तलिखिते ताडून प्रक्षिप्त भाग वेगळा काढला, तेथेही साधारण हीच शिस्त होती. फरक एवढाच की प्रक्षिप्त श्लोक तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले गेले.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला खरा मोह पडतो तो यादीतील दुसऱ्या क्रमांकाचा. तो निवडला तर ‘बूटलॉग’ नावाची फाइल तयार होई. कोणता घटक चढवायला घेतला, चढला की नाही, हे ओळीने लिहिलेले असे. एखादा घटक चढवायला घेतल्याची ओळ आहे आणि पुढे काहीच नाही, तर संशयित तेथेच सापडला. ही बखर नव्हे, दप्तरातील रोजकीर्द आहे : घटना घडत असताना लिहिलेली, कोणाच्या गौरवासाठी नसलेली, आणि म्हणून विश्वसनीय.

विंडोज ९५ ची आणखी एक सोय ग्रामीण महाराष्ट्राच्या विशेष परिचयाची ठरली. मागची सुरुवात अर्धवट राहिल्याचे ध्यानात आले तर ते पुढील वेळी स्वतःच सेफ मोड सुचवी. रेडमंडमध्ये ही सोय अपवादात्मक प्रसंगासाठी लिहिली गेली असावी. भारनियमनाच्या काळात भिगवण, इंदापूर, बारामतीकडे ‘अपवाद’ रोजचाच होता. वीज जाई तेव्हा यंत्र नीट बंद करायला अवधी नसे, यूपीएसची बॅटरी केव्हाच म्हातारी झालेली असे. वीज परतली की विंडोज ९८ आधी ‘आपण यंत्र नीट बंद केले नाही’ अशी तक्रार करी आणि स्कॅनडिस्कची निळी पट्टी सरकू लागे. दोष आपला नसताना बोलणी मात्र आपल्याला! २००१ मध्ये एमकेसीएल स्थापन झाले, पुढे एमएस-सीआयटीची केंद्रे तालुक्याच्या गावांपासून बाजारपेठेच्या गावांपर्यंत पोहोचली. हजारो मुलामुलींची संगणकाशी पहिली भेट तेथे झाली. अनेकांनी वर्डच्या आधी स्कॅनडिस्क पाहिले असेल.

आता मराठीच्या प्रश्नाकडे येतो. यासाठीच हा धागा लिहायला घेतला.

आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेले भारतीय लिप्यांचे तंत्र १९८८ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सी-डॅकमध्ये ‘गिस्ट’ या नावाने वाढले. संगणकात एक कार्ड बसवायचे, त्यासोबतचा प्रोग्राम चढवायचा, की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटे. त्या काळात ही केवढी मोठी सिद्धी होती! पण वर सांगितलेली एफ-५ ची कळ आठवा. ती दाबताच सगळ्या ‘जादा’ गोष्टी वगळल्या जात, आणि मराठी त्या जादा गोष्टींत मोडत होती. इस्की या भारतीय संकेतप्रणालीत देवनागरी अक्षरे ज्या क्रमांकांवर होती, त्याच क्रमांकांवर मूळ आयबीएम संचात चौकटी आखायच्या रेघा आणि ग्रीक अक्षरे होती. म्हणून निदानासाठी सुरू केलेल्या यंत्रावर मराठी मजकूर उघडला तर तुटक्या चौकटी आणि अल्फा-बीटा यांची खिचडी दिसे. माहिती नष्ट झालेली नसे. तिला ओळखणारा मात्र त्या वेळी यंत्रात कोणी नसे.

विंडोजच्या काळातही स्थिती फार बदलली नाही. श्रीलिपी, आयएसएम यांसारख्या साधनांनी मराठी मुद्रणाची आणि वृत्तपत्रांची अक्षरशः सेवा केली, पण त्यांचे कळफलक चालवणारे प्रोग्राम पार्श्वभूमीवर चालत. सेफ मोडमध्ये ते सुरूच होत नसत. फाँट चकतीवर असल्याने लिहिलेले वाचता येई, नवे एक अक्षर लिहिता येत नसे. ‘जगण्यापुरते किमान’ कोणते हे अमेरिकेत ठरले होते आणि त्या किमानात इंग्रजी होती.

याला दुष्टावा म्हणणे अन्यायाचे होईल. सेफ मोडचे काम परके ओझे उतरवण्याचे होते आणि मराठी तेव्हा खरोखरच बाहेरून जोडलेली होती. बदल झाला तो युनिकोडमुळे. १९९१ च्या पहिल्या युनिकोडने देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली. विंडोज २००० मध्ये देवनागरी प्रणालीच्या अंगभूत झाली. एक्सपीमध्ये मात्र ती एका चौकोनात टिचकी मारून आणि बहुधा सीडी घालून जागी करावी लागे. व्हिस्टापासून ती मुळातच जागी असते. आज सेफ मोडमध्ये मराठी फाइल उघडली तर जोडाक्षरे जागच्या जागी दिसतात. या घटनेचा कोठे समारंभ झाला नाही. माझ्या मते मराठीच्या संगणकीय इतिहासातील हा एक महत्त्वाचा टप्पा आहे, कारण येथे मराठी पाहुणी राहिली नाही.

‘सेफ’ या शब्दाविषयीही एक सावधगिरी. या अवस्थेत अनेक सुरक्षा प्रोग्रामही झोपलेले असतात. २०१९ मध्ये ‘स्नॅच’ नावाच्या खंडणीखोर प्रोग्रामने हेच हेरले. तो यंत्र स्वतःच सेफ मोडमध्ये सुरू करवी आणि पहारेकरी गैरहजर असताना फाइली कुलूपबंद करी. ही अवस्था निदानापुरती आहे, मुक्कामाची नाही.

दरम्यान एफ-८ ची कळही मागे पडली. २०१२ च्या विंडोज ८ च्या वेळी नवी यंत्रे इतकी झपाट्याने सुरू होऊ लागली होती की कळ दाबण्यासाठी सेकंदाच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी अवधी उरे. म्हणून वाट बदलली. आता ‘रीस्टार्ट’ निवडताना शिफ्ट दाबून धरावी लागते. यंत्र सुरूच होत नसेल तर लागोपाठच्या अपयशी प्रयत्नांनंतर दुरुस्तीचा निळा पडदा आपोआप येतो आणि तेथून सेफ मोडकडे जाता येते.

पुन्हा १९ जुलैकडे. क्राउडस्ट्राइकच्या त्या फाइलीसाठी २१ मूल्यांचा साचा होता, ती वाचणारा प्रोग्राम २० च मूल्ये पुरवत होता. एकविसाव्याच्या शोधात तो स्मृतीत नको तेथे शिरला आणि गाभ्यातच बसलेला असल्याने त्याने सगळी प्रणाली खाली ओढली. सेफ मोडमध्ये तो चढत नसल्याने फाइल पुसता येत होती. पण त्यासाठी प्रत्येक यंत्रासमोर एक माणूस बसावा लागला. शिवाय अनेक कार्यालयांतील चकत्या बिटलॉकरने कुलूपबंद होत्या. त्यामुळे आधी ४८ अंकी पुनर्प्राप्ती-किल्ली हवी, आणि काही ठिकाणी त्या किल्ल्या ज्या संगणकात ठेवल्या होत्या तोही कोसळलेला! भारतात बँकांना फारसा धक्का बसला नाही. केवळ दहा बँका व वित्तसंस्थांत किरकोळ अडथळे आल्याचे रिझर्व्ह बँकेने सांगितले. पण ज्या कार्यालयांत यंत्रे पडली, तेथील तंत्रज्ञांनी तो शनिवार-रविवार मेजामेजावर वाकून, अंक मोजत काढला. टिफ्रॅकच्या काळात यंत्राशेजारी उभा असणारा माणूस साठ वर्षांनी तेथेच पुन्हा उभा होता, फक्त आता मंडल त्याने जोडलेले नव्हते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने यावर नवी योजना जाहीर केली : न सुरू होणारे यंत्र दुरुस्ती-अवस्थेत जाऊन स्वतःच नेटवर्कवरून उपाय मागवील, समोर माणूस नसला तरी चालेल. म्हणजे १९९५ मध्ये जे नेटवर्क वरकड म्हणून वगळले होते, तेच आता किमान गरजांच्या यादीत आले आहे.

जाता जाता एक कामाची गोष्ट. तुमच्या लॅपटॉपवर बिटलॉकर चालू असेल तर ती ४८ अंकी किल्ली आजच शोधा आणि कागदावर लिहून ठेवा. तो कागद लॅपटॉपच्या पिशवीत ठेवू नका.

पुढील धागा गिस्ट कार्ड आणि इस्कीवर. ज्यांच्या घरी किंवा छापखान्यात डॉसच्या काळातील मराठी फाइली, फ्लॉप्या, कार्डे अजून पडून असतील, त्यांनी त्या भंगारात घालण्यापूर्वी कृपया छायाचित्र काढून खाली टाकावे.